साडेतीन कोनांचा चौक

तीन कोन गुण्यात बसतात, चौथा बसत नाही.
उत्तरेची बाजू सहा हातांनी तोकडी.
इथलं शेंबडं पोरही सांगेल:
गाव आखायला आलेल्या हेन्झेलची दोरी
रात्रभर पावसात भिजली, आखडली,
आणि सकाळी त्याने तिच्याच मापाने
खुंट्या ठोकल्या.

साडेसातशे वर्षं झाली.
दोरी वाळली असेल केव्हाच. खुंट्यांची घरं झाली,
घरांना तळघरं,
तळघरांत पिंपं, उंदीर, वारसांची भांडणं.

मी त्सेझारी. फरसबंदी करतो.
गुडघ्यांना रबराच्या वाट्या बांधून
ओल्शिन्काच्या या चौकात तिसरा महिना रांगतोय.
नगरपालिकेला खालून नवं गटार न्यायचंय.
दगड उचलायचा, खडूने आकडा घालायचा, रचून ठेवायचा.
वरून गुळगुळीत सगळे,
पोटाशी अजून खाणीतला राग.

वीतभर वाळू. वाळूखाली ओंडक्यांची वाट.
तिच्याखाली शेण: काळं, दाबलेलं,
हवा लागताच पुन्हा ताजं होणारं.
मग उत्खनन खात्याची दोब्रोखना ब्रश घेऊन खड्ड्यात उतरली
आणि माझं काम तीन आठवडे बसलं.

बसून काय करणार, शिकलो.
पांढुरकी माती, तो मिठाचा कोपरा.
ही मोच्यांची बाकं: तळवेच तळवे, जोडी एकही नाही.
राखेची रेघ म्हणजे पाववाले.
कापडवाल्यांचे शिशाचे शिक्के नखाएवढे,
तिने ते माझ्या तळहातावर ठेवले, मोजून परत घेतले.
आणि इथे खांब होता,
काटा मारणाऱ्या दुकानदाराला बांधायचा.
भोवती माशांची हाडंच हाडं.
काटा मारलास?
घे, काटेच खा.

मधोमध नगरघर. त्याच्या भिंतीत लोखंडी गज,
गावाचा अधिकृत हात.
घेतलेलं कापड बायका त्याला लावून बघायच्या.
मधे बोटांनी झिजून तो बारीक झालाय,
लांबी मात्र तेवढीच.

आगी दोन. पहिली भट्टीतून,
दुसरीचं कोणी नीट सांगत नाही.
युद्ध संपलं तेव्हा इथली माणसं पश्चिमेला निघून गेली, त्यांना जावं लागलं,
आणि पूर्वेकडून मालगाडीच्या डब्यातून
एक शेळी आणि एक कपाट घेऊन
माझे आजोबा कायेतान उतरले.
उत्तरेच्या बाजूचं घर मिळालं. टेबलावर दुसऱ्याचे चमचे.
रात्री त्यांना झोप लागायची नाही,
कुणी परत येईल म्हणून बूट घालूनच पडायचे.
आणि कपाट काही कोपऱ्यात बसेना.
रेटलं, फिरवलं, शेवटी पाचर ठोकली.
शेजारच्याने खिडकीतून हेन्झेलची गोष्ट सांगितली
तेव्हा आजोबांनी हेन्झेलला आईवरून शिवी दिली,
भरपूर, आपल्या बोलीत.
त्या रात्री बूट काढले.

आता इंजिनिअर येतो. त्याच्या नकाशात चौक काटकोनी आहे.
तिपाईवरून लाल किरण सोडतो,
म्हणतो, घरं राहू देत, निदान दगडांच्या रांगा तरी सरळ घाल.
मी मान डोलावली.
तो जेवायला गेला, आणि मी सूत बांधलं
उत्तरेच्या पायऱ्यांना धरून.

एक गोष्ट मात्र हेन्झेलला साधली होती: उतार.
त्याला दोरी लागत नाही.
काल संध्याकाळी शेवटची रांग बसली.
सगळे गेल्यावर मी विहिरीच्या जागी बादलीभर पाणी ओतलं.
आधी घुटमळलं,
मग खांबाच्या खळग्याला वळसा घालून
खाटकांच्या बोळाकडे निघालं, बिनचूक,
जिथून पूर्वी रक्त नदीला जायचं
आणि आता चष्म्याचं दुकान आहे.

दोब्रोखना सायकल धरून मागे उभी होती.
म्हणाली, मग हे खालचं गटार कशाला?

मी बादली उपडी ठेवली.
पगार शुक्रवारी होतो.